घरून काम करणारा ‘सदातुर’ : कालविचार व चिकित्सा

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील बहुसंख्य कर्मचाऱ्यांचे कार्यालय अवघ्या काही दिवसांत त्यांच्या घरी आले. साथ ओसरली की ही व्यवस्थाही संपेल, असे त्या वेळी अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आदी सेवांसाठीचे नियम शिथिल करून घरून, किंबहुना देशात कोठूनही काम करण्याचा मार्ग मोकळा केला. २०२३ पासून अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावण्यास प्रारंभ केला. तथापि आठवड्यातील काही दिवस कार्यालय व काही दिवस घर अशी मिश्र पद्धत पुण्यासारख्या शहरात आता रूढ झाली आहे.

आमचे चिकित्सालय पुण्याच्या पश्चिम भागात असून हिंजवडी, वाकड, बाणेर या परिसरातील संगणक व्यावसायिक मोठ्या संख्येने चिकित्सेसाठी येतात. त्यांच्या तक्रारी आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. मलावष्टंभ, अम्लपित्त, मन्याशूल, कटिशूल, नेत्रदाह, अनिद्रा, वजनवाढ आणि कारण सांगता न येणारी चिडचिड. प्रत्येक लक्षणासाठी आपल्याकडे उत्तम कल्प आहेत. असे असूनही हे रुग्ण पूर्ण बरे होत नाहीत. पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा तीच तक्रार घेऊन ते दारात उभे राहतात.

असे का होते, याचे उत्तर शोधताना आम्ही ज्या निष्कर्षाप्रत आलो, तो येथे मांडत आहोत. घर हा या व्याधींचा हेतू नाही. कामाला असलेली काळाची मर्यादा नष्ट होणे हा हेतू आहे. म्हणून रुग्णाचा दिवस तासातासाने समजून घेतल्याविना केलेली चिकित्सा या रुग्णवर्गात अपुरी ठरते. ही गोष्ट आम्हास ग्रंथ वाचताना नव्हे, तर स्वतःची चूक लक्षात आल्यावर उमगली. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

एक रुग्णवृत्त

ऑगस्ट २०२२ मध्ये ३४ वर्षे वयाचा एक संगणक अभियंता आमच्याकडे आला. दोन वर्षांपासून मलावष्टंभ, छातीत जळजळ, मानेत स्तंभ आणि रात्री झोप न लागणे या तक्रारी होत्या. जिह्वा साम, कोष्ठ क्रूर, अग्नी विषम. आम्ही आमपाचनापासून आरंभ केला. पुढे अविपत्तिकर चूर्ण, गंधर्वहरीतकी, कामदुधा अशी योजना केली, मानेस स्थानिक स्नेहन-स्वेदन दिले. पथ्यापथ्याचा छापील कागदही दिला. त्यावर ‘वेळेवर जेवावे, वेळेवर झोपावे’ असे लिहिलेले होते. रुग्णाने तो घडी घालून खिशात ठेवला.

तीन महिने हा क्रम चालला. उपशय मिळे, पण टिकत नसे. आम्ही मात्रा वाढवली, अनुपान बदलले, कल्प बदलले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा तक्रारी वाढलेल्या होत्या. ऋतुबदलाचा विचार मनात आणून आम्ही नाडी पाहत होतो, तोच तो म्हणाला, “डॉक्टर, अमेरिकेतलं घड्याळ बदललं ना, आता मीटिंग साडेसातऐवजी साडेआठला असते. जेवण आणखी एक तास पुढे गेलं.”

अमेरिकेत दरवर्षी मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे केले जाते. तेथील पूर्व किनाऱ्यावर सकाळी दहाला सुरू होणारी बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळी साडेसातला, तर हिवाळ्यात साडेआठला सुरू होते. आम्ही रुग्णाची शरद आणि हेमंत ऋतूंची संधी पाहत होतो. त्याचे शरीर ज्या कालबदलास तोंड देत होते, तो बदल दुसऱ्याच खंडातील घड्याळाचा होता. तीन महिन्यांत आम्ही त्याला ‘जेवण वेळेवर होते का?’ असे अनेकदा विचारले होते. तो ‘साधारण हो’ म्हणे. ‘किती वाजता?’ असे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

त्या दिवशी आम्ही त्याला सात दिवसांचे दिनपत्रक लिहून आणावयास सांगितले. आठवड्याने आलेल्या कागदांवर सर्व काही होते. झोप रात्री अडीचला, जाग सकाळी साडेनऊला, आणि जाग आल्यावर दहा मिनिटांत पहिली बैठक. मलप्रवृत्तीचा वेग त्याच सुमारास येई आणि बैठकीमुळे रोखला जाई. पुन्हा तो येत नसे. स्नान दुपारी तीनला. पहिले भोजन दोनला, तेही संगणकासमोर. दुसरे भोजन रात्री साडेअकरानंतर. दिवसभरात घराबाहेर पाऊल पडले असे सात दिवसांत दोनच प्रसंग. शिवाय शेवटच्या ओळीत एक नोंद होती, जी त्याने आम्हास कधी सांगितली नव्हती. सोनामुखीयुक्त चूर्ण तो वर्षभर रोज रात्री जवळच्या दुकानातून आणून घेत होता.

संहितेतील सदातुर

हा कागद वाचताना आम्हास चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायाचे स्मरण झाले. तेथे आचार्यांनी चार प्रकारच्या व्यक्तींना ‘सदातुर’, म्हणजे नित्य रोगी, म्हटले आहे. श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी, अर्थात व्यापारी. या चौघांची प्रकृती एक नाही, आहार एक नाही, समाजातील स्थानही एक नाही. समान आहे ती एकच गोष्ट. त्यांचा दिवस त्यांच्या स्वाधीन नाही. श्रोत्रिय अध्ययन, व्रत व नित्यकर्मांत गुंतलेला असतो. राजसेवक स्वामीचे मन सांभाळतो आणि भय व चिंता यांनी ग्रस्त असतो. वेश्या इतरांच्या मर्जीनुसार वागते. व्यापारी लोभाने एका जागी अतिकाळ बसून राहतो. परिणामी चौघेही आलेला वेग रोखतात आणि भोजन, मलविसर्ग व विहार अकाली करतात.

आमच्या मते घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यात राजसेवक आणि पण्यजीवी हे दोघे एकत्र आले आहेत. वरिष्ठांचा संदेश केव्हा येईल या शंकेने तो सदैव सावध असतो, हा राजसेवकाचा भाग. आणि एका आसनावर दहा-बारा तास काढतो, हा पण्यजीवीचा भाग. पूर्वीचा राजसेवक सायंकाळी घरी परतल्यावर निदान काही काळ सेवेतून मुक्त होत असे. आजच्या कर्मचाऱ्याची राजसभा त्याच्या शयनगृहात आहे.

सदातुरांचे हे वर्णन मुख्यत्वे बस्ती आदी पंचकर्मांचा विचार करणाऱ्या सिद्धिस्थानात यावे, हेही अर्थपूर्ण आहे. वेगधारण व अकालविहार यांनी प्रथम अपानाची दुष्टी होते आणि तिचे प्रधान स्थान पक्वाशय आहे, याची ती सूचनाच होय.

आधुनिक निरीक्षणे

या विषयावर अलीकडे झालेले काम वैद्यांनीही जाणून घेणे इष्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी चीनमधील एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कार्यक्षमता १३ टक्क्यांनी वाढली. यातील सुमारे ९ टक्के वाढ कामाचा वेळ वाढल्यामुळे होती, कारण विश्रांतीसाठी उठणे आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या होत्या. व्यवस्थापकास हा लाभ वाटेल. वैद्यास यात वेगधारण व अत्यासन दिसावयास हवे. प्रयोगानंतर पुन्हा निवडीची संधी मिळाली तेव्हा अनेकांनी कार्यालयात परतणे पसंत केले, आणि त्यामागे एकटेपणा हे एक प्रमुख कारण होते.

त्याच कंपनीत पुढे १६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेला दुसरा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातील दोनच दिवस घरून कामाची मुभा होती. कामाच्या दर्जात घट झाली नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले. घरून काम मर्यादेत असेल तर ते हितकर ठरू शकते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या दूरस्थ कामाविषयीच्या टिपणात एकाकीपणा, नैराश्य, अस्थिस्नायूंच्या व्यथा, नेत्रांवरील ताण, मद्य-धूम्रपानातील वाढ व वजनवाढ या धोक्यांचा निर्देश आहे. याच दोन संस्थांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृद्रोगाने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. घरून काम करताना तासांची मोजदाद राहत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते.

तेच घर, भिन्न परिणाम

घर हाच हेतू असता, तर सर्वांना सारखाच अपाय झाला असता. आमच्याकडील दोन रुग्णांची तुलना येथे उद्बोधक ठरेल.

पहिले गृहस्थ ४६ वर्षांचे. पूर्वी दररोज दुचाकीवरून जाता-येता अडीच तास प्रवास करीत; कटिशूल व अर्श या दोहोंनी त्रस्त होते. घरून काम सुरू झाल्यावर वाचलेल्या वेळात त्यांनी सकाळी फिरणे, स्नान व ताजे भोजन यांची वेळ ठरवली. त्यांची कंपनी भारतीय होती. सायंकाळी साडेसहाला संगणक बंद होई. त्यांच्या दोन्ही व्याधी औषधाविना बऱ्याच अंशी शमल्या.

दुसऱ्या भगिनी ३७ वर्षांच्या. घरी सासू-सासरे व दोन मुले. कामाचे तास तेवढेच. परंतु त्या घरी आहेत म्हणजे मोकळ्या आहेत, असा घरातील सर्वांचा समज. बैठकीमध्ये दाराची घंटा, दोन बैठकींच्या मध्ये कुकर, सर्वांना वाढून झाल्यावर उभ्या उभ्या स्वतःचे जेवण. मूत्रवेग रोखण्याची सवय जडलेली. वारंवार मूत्रदाह, शिरःशूल व रजोदुष्टी घेऊन त्या आल्या. सांगताना त्या म्हणाल्या, “कार्यालयात असताना दुपारचा डबा तरी मी बसून खात होते.”

या दोहोंमध्ये भिंती सारख्याच. भेद आहे तो कालाच्या मर्यादेचा. एकास कामाचा अंत ठाऊक होता. दुसरीच्या वाट्यास दोन सेवा एकाच वेळी आल्या होत्या. स्त्रीरुग्णांच्या बाबतीत हा विचार विशेषत्वाने करावा.

हेतू व संप्राप्ती

दिनपत्रकांच्या आधारे आम्हास प्रामुख्याने पुढील चार हेतू आढळले.

१) वेगधारण : चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी मल, मूत्र, क्षुधा, तृष्णा व निद्रा हे पाच वेग येथे नित्य रोखले जातात. पक्वाशयशूल, आध्मान, शिरःशूल, पिंडिकोद्वेष्टन, अंगमर्द ही लक्षणे त्यातून उद्भवतात. याउलट लोभ, भय, क्रोध आदी जे मनोवेग धारण करावयाचे, त्यांना आवर घालण्याइतके बळ थकलेल्या मनात उरत नाही. घरातील कलहाचे मूळ अनेकदा येथे सापडते.

२) विषमाशन व अध्यशन : भोजनाची वेळ बैठकींवर ठरते आणि मधल्या काळात हाताशी असलेले फरसाण, बिस्किटे व चहा चालू राहतात. आहारविधीत अपेक्षित असलेले तन्मनस्क भोजन तर दुर्मीळच. पडद्यावर दृष्टी असताना मात्रेचे भान राहत नाही.

३) आस्यासुख : हा प्रमेहाचा प्रसिद्ध हेतू. कार्यालयात जाणारा मनुष्य निदान बसथांब्यापर्यंत, उपाहारगृहापर्यंत चालतो. घरी पलंग, मेज व स्वयंपाकघर यांतील अंतर वीस पावलांचे. अनेक जण पलंगावर वा सोफ्यावर वाकून काम करतात. मन्या व कटीच्या व्यथा त्यातून येतात.

४) रात्रिजागरण व अतियोगी दर्शन : जागरणाने रूक्षता व वातवृद्धी होते. त्यात दीर्घकाळ जवळचा प्रकाशमान पडदा पाहणे, हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग. पडदा पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते व नेत्र शुष्क होतात, हे आधुनिक शास्त्रही सांगते.

या चौहोंमुळे अग्निवैषम्य व अपानदुष्टी, त्यातून आमोत्पत्ती व वातप्रकोप, पुढे रसवह, पुरीषवह व मनोवह स्रोतसांची दुष्टी, अशी संप्राप्ती सामान्यतः दिसते.

परीक्षण : सात दिवसांचे दिनपत्रक

प्रश्न विचारून मिळणारे उत्तर बहुधा सरासरीचे असते. लिहिलेल्या नोंदी खऱ्या असतात. म्हणून आम्ही आता पहिल्याच भेटीत एक साधा कागद देतो. त्यात जाग, मलप्रवृत्ती, स्नान, प्रत्येक भोजन, चहा, घराबाहेर पडणे, कामाचा आरंभ व अंत आणि झोप यांच्या वेळा सात दिवस लिहावयाच्या. ‘कोणता वेग कोणत्या कारणाने रोखला’ असा एक स्वतंत्र रकाना ठेवावा. ‘स्वतःहून घेतलेली औषधे’ हा रकाना विसरू नये. रुग्ण ज्या देशातील ग्राहकांसाठी काम करतो तो देशही नोंदवावा. मार्च व नोव्हेंबरमध्ये तक्रारी का वाढल्या, हे त्यावरून कळते.

याखेरीज रक्तदाब, वजन, कटिपरिघ यांची नोंद करून आवश्यकतेनुसार हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ व डी यांच्या तपासण्या कराव्यात. मलातून रक्त, अकारण वजन घटणे, छातीत वेदना, हातापायांत बधिरता वा बलहानी असल्यास तज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. निराशा वा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आल्यास ती मनावर घ्यावी, मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासकीय ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रुग्णास व नातलगांस द्यावा.

चिकित्सा

निदानपरिवर्जन : संपूर्ण दिनचर्या एकदम बदलावयास सांगू नये, ते होत नाही. दिनपत्रकातील एकच वेळ प्रथम निश्चित करावी. आमच्या अनुभवात सायंभोजन ही वेळ सर्वाधिक फलदायी ठरते. बैठक साडेआठला असेल तर सात वाजता हलके, उष्ण भोजन शक्य असते. दुसरी वेळ मलप्रवृत्तीची. पहिल्या बैठकीपूर्वी किमान पाऊण तास उठावे, उष्णोदक प्यावे. स्नान कामापूर्वीच करावे, कारण त्यानेच दिवसाचा आरंभ शरीरास कळतो.

कामाचा अंत : काम संपल्यावर संगणक बंद करून दृष्टीआड ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटे घराबाहेर चालून यावे. पूर्वी घरी परतण्याचा प्रवास जे कार्य करीत असे, ते ही फेरी करते. बसण्याची जागा व भोजनाची जागा वेगळी ठेवावी. दर तासास उठावे.

जागरण : ज्यांना रात्री काम अपरिहार्य आहे, त्यांनी जागरणाच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी, भोजनापूर्वी झोपावे, असा वाग्भटाचार्यांचा उपदेश आहे. दुपारी जेवून झोपणे टाळावे. हा भेद रुग्णास समजावून सांगितला की तो आनंदाने पाळतो.

स्नेहन व व्यायाम : शिर, कर्ण व पाद यांचे अभ्यंग नित्य करावे, पादाभ्यंग निद्रेस व नेत्रांस हितकर आहे. व्यायाम अर्धशक्ती करावा. निराम अवस्थेत प्रतिमर्श नस्याचा मन्या व शिर यांच्या तक्रारींत उपयोग होतो.

शोधन व शमन : आमपाचनानंतर, बलाबल पाहून अनुवासन व निरूह यांचा क्रम योजावा. सदातुरांच्या चिकित्सेत बस्तीस पर्याय नाही असे आमचे मत आहे. शमन औषधे अवस्थेनुसार सर्वांस ज्ञात आहेतच. ती दिनपत्रकाच्या जोडीने द्यावीत.

वर उल्लेखिलेल्या अभियंत्यास आम्ही सोनामुखीचे चूर्ण क्रमाने कमी करावयास लावले, सायंभोजन सातला आणले, जाग साडेआठला आणली आणि बस्तीचा क्रम दिला. दोन महिन्यांत मलप्रवृत्ती विनाऔषध होऊ लागली, जळजळ शमली. निद्रा मात्र पूर्णतः सुधारली नाही. कारण रात्रीची बैठक तशीच राहिली. ते आमच्या हातात नव्हते.

औषधविक्रेत्या बंधु-भगिनींसाठी

या रुग्णवर्गाशी पहिली गाठ बहुधा आपल्या दुकानात पडते. पोट साफ होण्याचे चूर्ण, झोपेसाठी अश्वगंधा, पित्तासाठी वटी, ही मागणी गेल्या काही वर्षांत वाढली आहे, हे आपण जाणताच. तीव्र विरेचक द्रव्ये दीर्घकाळ घेतल्याने कोष्ठ परावलंबी होते. म्हणून तीच बाटली दुसऱ्यांदा मागणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. किती दिवसांपासून घेता? रात्री किती वाजता जेवता? वैद्यांना दाखवले आहे का? एक विक्री कदाचित कमी होईल. परंतु आमच्या रुग्णास वर्षभरात कोणी हे एकदा विचारले असते, आणि आम्हीही पहिल्याच दिवशी विचारले असते, तर त्याचे बरेच महिने वाचले असते. दोष जेवढा दुकानाचा, तेवढाच आमचा होता.

उपसंहार

कामाच्या वेळेनंतर संपर्क न करण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशा आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही. वैद्य कायदा करू शकत नाही, रुग्णाच्या वरिष्ठास आज्ञाही देऊ शकत नाही. परंतु काल हा आपल्या शास्त्रात व्याधिहेतूही आहे आणि चिकित्सेचे अंगही. रुग्णाच्या दिवसातील एक भोजन आणि एक वेग जरी आपण योग्य काळी आणू शकलो, तरी औषधास कार्य करण्यास जागा मिळते.

आमच्या टेबलावरील ‘वेळेवर जेवावे’ असे छापलेले पथ्याचे कागद आम्ही आता बंद केले आहेत. त्या जागी सात दिवसांचे रिकामे रकाने असलेला कागद असतो. तो रुग्णाने भरून आणल्यावरच आम्ही दुसरे औषधपत्र लिहितो. आपल्या चिकित्सालयात हा प्रयोग करून पाहावा आणि आलेला अनुभव, तो आमच्या मताविरुद्ध असला तरीही, या त्रैमासिकातून अवश्य कळवावा, ही विनंती.